हाव, बोला

त्या प्रकरणाची आठवण आजही ताजी आहे. राज्यभर पसरलेल्या एका अदृश्य जाळ्याचा छडा आमच्या ठाण्याने लावला होता, असे माझ्याच अक्षरात लिहिलेले टिपण अजून माझ्याकडे आहे. जाळ्यात एकूण माणसे एक होती.

मी तेव्हा मलकापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. एका सकाळी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे गृहस्थ पुण्याहून तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांच्या कार्डावर ‘विभागीय प्रमुख, ग्राहक आनंद’ असे छापलेले होते. अर्जाचा मजकूर असा की, कुणी इसम कंपनीचे बनावट ग्राहक सेवा केंद्र चालवतो. दूरदूरचे ग्राहक त्याला फोन करतात आणि नंतर कंपनीला कळवतात की तुमच्यापेक्षा तो बरा. या शेवटच्या वाक्याने साहेब जास्त दुखावले असावेत, पण अर्जात तसे लिहिले नव्हते. तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवून त्याला तत्काळ अटक करावी, असे लिहिले होते.

पुरावा म्हणून त्यांनी एक रेकॉर्डिंग ऐकवले. कंपनीचाच माणूस ग्राहक बनून विचारतो, “ग्राहक सेवा केंद्र का?” पलीकडून उत्तर येते, “हाव, बोला.” रेकॉर्डिंग संपले.

“पुढे?” मी विचारले.

“पुढे कशाला? कबुली मिळाली, आम्ही फोन ठेवला.”

नंबरवरून पत्ता निघाला. गाव ठाण्यापासून अर्ध्या तासावर. बीटच्या हवालदाराने खबऱ्याकडे चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “तो पंप दुरुस्तीवाला ना? दिवसभर कानाले फोन लावून राह्यते. लोकायचे वायफायचे डबे घरी बसून चालू करून देते. बायको म्हणते, आपला पंखा कधी चालू करता ते सांगा.”

दुपारी त्याला ठाण्यात आणले. पस्तिशीचा, काडीसारखा माणूस. खिशात टेस्टर, हातात जाड वही. नाव ऐकताच आमचा पडताळणीचे टपाल पाहणारा शिपाई माझ्या कानाशी लागला. या इसमाची आयटीआयमध्ये कंत्राटी निदेशक, म्हणजे शिकवणारा, म्हणून निवड झाली होती आणि त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच टेबलावर पडून होता. सोमवारी शेवटची मुदत. गुन्हा नोंदला की तो कागद लाल शेरा घेऊन जाणार आणि नोकरी दुसऱ्याला. हे त्यालाही माहीत होते. बसायला सांगितले तरी तो उभाच राहिला.

“काऊन करतं बे हे धंदे?” हवालदाराने सुरुवात केली.

“धंदा नाई साहेब. एक रुपया घेतला असन तर सांगा.”

“मग लोक तुलाच कसे फोन करतात?” मी विचारले.

“थे मलेबी नाई माहीत. वरीसभरापासून येऊन राह्यले.”

“रॉंग नंबर म्हणून ठेवून द्यायचा.”

“पह्यल्या बाईले तसंच सांगणार होतो. पण ते म्हणाली, भाऊ, तीन दिवसापासून होल्डवर हाय, पोराची परीक्षा हाय. आता कसा ठेवू फोन? मले माहीत हाय ना होल्डवर कसं वाटते.”

त्याला माहीत होते याचा पुरावा त्या वहीत होता. माणसाला यंत्रांचा नाद. नवे अ‍ॅप, नवा राऊटर, नवे सिम, सगळे आधी हा वापरून पाहणार आणि बिघडले की ग्राहक सेवेला फोन करणार. प्रत्येक फोनची नोंद केलेली: किती मिनिटे संगीत वाजले, कितव्या माणसाकडे फोन वळवला, तक्रार क्रमांक काय, आणि शेवटी कंपनीने काय सुचवले. शेवटचा रकाना जवळपास सगळीकडे सारखाच होता: ‘बंद करून चालू करा.’ मी आयुष्यात पुष्कळ केस डायऱ्या वाचल्या. इतकी प्रामाणिक क्वचितच पाहिली. मागच्या पानांवर त्याला आलेल्या फोनच्या नोंदी होत्या आणि वर तांबड्या शाईत लिहिले होते: ‘ओटीपी कोणी सांगू लागलं तर पहिले थांबवणे.’

नोंदीतले दोन नंबर मी स्वतः फिरवले. दुसरबीडची रस्त्यावर हॉटेल चालवणारी बाई म्हणाली, “लई चांगला माणूस.” शेगावच्या लॉजचा व्यवस्थापक घाबरला. “त्यायले पकडलं? मंग आमचं वायफाय कोण पाहीन?” फसवणुकीच्या गुन्ह्याला निदान एक फसलेला माणूस लागतो. तो काही सापडेना.

नोंदी चाळता चाळता एका ओळीवर माझे बोट थांबले. तिथे आमच्याच ठाण्याचे नाव होते. मी संगणकावरच्या अंमलदाराकडे पाहिले. तो छताकडे पाहू लागला. “मागच्या महिन्यात वायफाय गेलं होतं, साहेब. डब्यावरच्या नंबरवर फोन केला. पाच मिनिटात चालू झालं.”

डबा उतरवला. खाली कंपनीचे चकचकीत स्टिकर होते, त्यावर ग्राहक सेवेचा नंबर. छपाईत शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली. तो नंबर या माणसाचा होता. ग्राहक आनंद प्रमुखांनी स्टिकर चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले.

“छपाईची चूक वेगळी,” ते म्हणाले, “पण तो ‘होय’ म्हणाला आहे. ती कबुलीच.”

मुद्दा त्यांच्या बाजूने नेमका होता आणि तोच मला खोडायचा होता. मी नव्या फौजदाराला शेजारच्या खोलीत पाठवले. जप्त केलेला फोन टेबलावर होता. तो वाजला. “उचल,” मी सांगितले, “आणि आवाज मोठा ठेव.”

“गुरांचा दवाखाना का?” फौजदाराने विचारले.

“हाव, बोला. काय झालं जनावराले?”

फौजदाराने एवढी तयारी केली नव्हती. “म्हैस... बसली आहे.”

“थांबा भाऊ, मी डॉक्टर नाई. रॉंग नंबर लागला तुमाले. पण आमच्या गावचा डॉक्टर हाय, नंबर देतो, लिहून घ्या. म्हशीले सावलीत घ्या तवरिक.”

त्याच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते. आम्ही वीस ऐकले. प्रत्येकात आधी ‘हाव, बोला’, मग ‘मी कंपनीचा माणूस नाई, पण काय झालं ते सांगा’. कंपनीच्या माणसाने आणखी चार सेकंद धीर धरला असता तर पुण्याहून कुणाला यावे लागले नसते. आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे ‘ऐकतो आहे’ एवढेच, हे मी प्रमुखांना समजावले. त्यांनी स्वतःच्या डायरीत काहीतरी लिहून घेतले.

कंपनीचा तक्रार अर्ज दफ्तरी दाखल करून प्रकरण मिटवले. पडताळणीच्या कागदावर ‘आक्षेपार्ह काही नाही’ लिहून सही केली आणि शनिवारीच टपाल रवाना केले. तो निघाला तेव्हा मी त्याला म्हणालो, “यापुढे फोन उचलला की आधी नाव सांगत जा.”

“हाव,” तो म्हणाला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कुणाचा होकार कागदावर घेण्याआधी त्याच्या तोंडात त्या शब्दाचा अर्थ काय ते पाहावे. आणि समोरचा नीट ऐकून घेतो आहे असे वाटले की लोक त्याचे ओळखपत्र मागत नाहीत. खरे भामटे याच सवयीवर जगतात. पुढच्या नोकरीत तसले कितीतरी पकडले, पण त्यांच्यातल्या कुणी म्हशीला सावलीत घ्यायला सांगितले नसते.

तो आयटीआयमध्ये रुजू झाला. कंपनीच्या आग्रहावरून त्याने नंबर बदलला आणि कंपनीने स्टिकर दुरुस्त केले. व्यवस्था सुरळीत झाली.

हा मजकूर मी संपादकांना पोस्टाने पाठवतो आहे. माझ्या घरचे इंटरनेट अकरा दिवसांपासून बंद आहे, आणि कंपनीच्या नोंदीत माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघालेली आहे.