माहिती बाहेर बसली आहे

"सर, आधी घरचं सांगा." केबिनच्या दारात उभा राहून तो हेच म्हणायचा. टांझानियाचा सहा फुटी गडी, वर्ध्याला आमच्याकडे समाजकार्य शिकायला आलेला. आईचे गुडघे कसे आहेत, मुलीचा ताप उतरला का, हे सगळं विचारून झाल्याशिवाय स्वतःच्या कामाचं अक्षर काढणार नाही. बाहेर पोरं ताटकळलेली, मी घड्याळाकडे बघतोय, आणि हा आपला अजून गुडघ्यांवरच!

असे परदेशी विद्यार्थी तुम्हीही पाहिले असतील. आपल्याला वाटतं, त्यांना जेवण आणि ऊन छळत असेल. याने वर्ध्याचा मे महिना हसत काढला. अडला तो सेमिनारला. मिळालेला निम्मा वेळ वर्गाची ख्यालीखुशाली विचारण्यात जायचा.

"अरे बाबा, मुद्द्यावर ये!" मी ओरडायचो.

तो गोंधळून म्हणायचा, "सर, आमच्याकडे असं एकदम सुरू करणं म्हणजे हाक न देता कुणाच्या घरात घुसणं."

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी त्याने वडनेर हे गाव धरलं. विषय, कापूस वेचणाऱ्या बायकांचं आरोग्य. हिवाळाभर एसटीने जायचा आणि मोडकीतोडकी वऱ्हाडी बोलत परत यायचा. प्रश्नावल्या मात्र कोऱ्याच. माझं डोकंच फिरलं.

"करून काय राह्यला तू तिथं?"

"बोलतो, सर. पण माणूस मन मोकळं करत असताना त्याच्यासमोर कागद काढून कसं लिहायचं?"

खोलीवर येऊन, आठवून आठवून त्याने प्रबंध लिहिला. पुरावा म्हणून एक कागद नाही. नापास झाला तर शिष्यवृत्ती बंद, आणि पदवीविना घरी परत. तोंडी परीक्षेच्या दिवशी मलाच घाम फुटला होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटला. "हे खरं कशावरून? माहिती कुठाय? यावर मी सही करणार नाही."

"सर, माहिती बाहेर बसली आहे," तो शांतपणे म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात वडनेरच्या बाया बसलेल्या, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. "याची परीक्षा हाये म्हणे. नापास झाला त वापस जा लागते याले," एकीने आम्हालाच समजावलं.

परीक्षकांनी बिचकतच विचारलं, "तब्येतीचं याला काय सांगितलंत?"

सगळ्यांत वयस्क आजीने पदर सारखा केला. "दिवसभर पाणी पेत नाई आमी, सायेब. वावरात बसाले आडोसा नाई. मंग लघवीले आग होते. हे घरच्या माणसाले बी नाई सांगतलं कधी. हा येऊन आमच्यात बसला, याले सांगतलं."

मी इथल्याच आर्वीचा, कपाशीतच वाढलेला, आणि हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. इतक्या दुरून आलेल्या या पोरासाठी त्या बाया चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर हे बोलत होत्या. तो मान खाली घालून उभा होता.

आता तो त्याच्या देशात, त्याच्या गावाजवळच्या कॉलेजात शिकवतो. त्याची आठवण निघाली की मला मात्र तो व्हरांडाच दिसतो. त्या दिवशी बोलणं झाल्यावर बाया जायला उठल्या होत्या.

"पास केलं ना पोराले?" आजीने विचारलं.

"निकाल नंतर लागतो, आजी," परीक्षक म्हणाले.

आजी पुन्हा खाली बसली. मागोमाग बाकीच्याही बसल्या.

"मंग आमी बसतो. गाडी गेली त जाऊ द्या."