शेवटच्या पानावरची यादी

माझे यजमान धुळ्याला हायस्कुलात शास्त्र शिकवत. विलायतेहून मासिक आलं की ते शेवटच्या पानापासून वाचत. लेखकाने कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्याची यादी तिथे असते. मला इंग्रजी येत नाही. पण आमचं आडनाव त्या अक्षरांत कसं दिसतं ते त्यांनी पाटीवर काढून दाखवलं होतं. ते शाळेत असताना टपाल आलं तर मी बघून ठेवावं म्हणून.

सुरुवात भडगावला झाली. ओळखीच्या एका आबांच्या कपाशीला मर लागली होती. आबा म्हणाले, "मास्तर, बठ्ठं वावर मरी गयं, हाई एकच ओळ उभी शे." यजमानांनी त्या ओळीची सरकी घेऊन त्याच रोगट जमिनीत पुन्हा लावली. तीन वर्षं लावली, तिन्ही वर्षं झाडं तगली. रुई मोजायचं काम माझं. एकेका सरकीभोवतीची रुई फणीने विंचरायची आणि काळ्या कापडावर पट्टीने मोजायची. मुलींच्या उवा काढायची तीच फणी.

विलायतेत एक साहेब ह्याच रोगावर काम करत. यजमान त्यांना सरकी, मोजमापं, सगळं पाठवत. पुडीवर गाव आणि वावर लिहीत, बस.

"अहो, तुमचं नाव घाला की."

"बियाणं आबांच्या वावराचं. माझं कसं?"

पत्रातही 'मी पाहिलं' असं कधी नाही. 'इकडे असं आढळतं' एवढंच. मी-मी करू नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. साहेबांना ते सोयीचं पडलं.

साहेबांच्या पहिल्या लेखात तळाला आलं, खानदेशातल्या एका गृहस्थांनी कळवलं. यजमानांनी पेढे आणले. दुसऱ्या लेखात ते 'हिंदुस्थानातून कळतं' असं झालं. पुढे आणखी दोन देशांतल्या लोकांनी त्यावर लिहिलं, त्यांच्या यादीत फक्त साहेब. नंतरच्यांनी ह्यांच्या याद्या बघून आपली केली.

शेवटी यजमानांनी स्वतः लेख लिहिला. "तुझी फणीसुद्धा घालतो तळटिपेत," म्हणाले.

"आधी तुमचं नाव येऊ द्या."

आठ महिन्यांनी लेख परत आला. हे साहेबांनी पूर्वीच दाखवलं आहे, त्यांचा आधार द्यावा आणि नवीन असेल तेवढंच लिहावं, असं सोबत पत्र.

"मग नवीन काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. होतं ते सगळं त्यांनाच कळवलं."

"पत्रांच्या नकला?"

"नकला कशाला ठेवतोय मी!"

त्यांनी साहेबांना लिहिलं. तोवर लढाई सुरू झाली होती. टपालाची बोट बुडाली की साहेबांनी उत्तरच दिलं नाही, कळायला मार्ग नाही. भडगावला आबांनी त्या वावरात ऊस लावला होता. दाखवायला ती ओळही उरली नाही.

लढाई संपल्यावर मासिकं पुन्हा येऊ लागली. यजमान ती उघडेनात. मी शेवटचं पान बघून फळीवर ठेवत असे. आमचं आडनाव कधीच नव्हतं. त्या ओळीच्या सरकीचे दोन डबे घरात होते, त्यांना उंदीर लागायला लागले. एका सकाळी मी ती सरकी भिजवून शेजारच्या म्हशीला घातली. यजमान ओट्यावर उभे होते.

"सगळी घातलीस?"

"सगळी."

"बरं केलंस," म्हणाले आणि शाळेत गेले.