रेवाकडे कोणीतरी नीट पाहिलं

आमच्या उपासना मंडळातल्या ताई बरेच दिवस मागे लागल्या आहेत, तुमचा अनुभव लिहा म्हणून. मी टाळत होते. अशा लेखांत शेवटी सगळं गोड झालेलं असतं, आणि वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझ्या मनात मात्र अजून कडवटपणा आहे. रागावलेल्या माणसाने देवाविषयी लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि ते जसंच्या तसं सांगायला हरकत नसावी.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. यांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो, वारज्यात भाड्याचं घर घेतलं. आमची मुलगी रेवा दिवस भरण्याआधीच झाली. जन्मल्यावर ती लगेच रडली नाही, आणि मग बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तिला घरी आणली तेव्हा वाटलं, संकट टळलं. पण मांडीवर घेतलं की तिचे पाय ताठ व्हायचे आणि उचललं की कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. उजवी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत दडवलेला. अंघोळ घालताना ती मूठ उघडून आतला मळ काढायचा म्हणजे एक झटापटच असायची. सोसायटीतली तिच्या वयाची मुलं पालथी पडली, बसायला लागली, रांगायला लागली. रेवाची मान अजून डुगडुगत होती.

लसीच्या प्रत्येक खेपेला मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारायचे. ते फार सौम्य बोलायचे. रेवाच्या गालावर बोट टेकवून म्हणायचे, "अहो, लवकर आलेलं बाळ आहे, थोडं मागे राहणारच. वाट बघा." घरी सासूबाईंचंही तेच. "काऊन घोर लावून घेतं वो? माहा भाऊ तं दोन वर्साचा होऊन चालला. आता सारं वावर एकटा पाह्यते." हे दिवसभर कामाचे, घरी आल्यावर रेवाला छातीवर घेऊन गप्प पडून राहायचे. मग मी वाट बघत होते. आणि वाट बघणारी बाई देवाशिवाय दुसरं काय करणार? गुरुवारचे उपास धरले, पारायण केलं, मंडईजवळच्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी रेवाला घेऊन जाऊ लागले. दत्तमहाराजांकडे माझं मागणं एकच होतं. डॉक्टर म्हणतात तेच खरं असू दे.

असाच एक गुरुवार होता. आरतीच्या गर्दीत घंटा वाजली तशी रेवा दचकली, धनुष्यासारखी मागे ताणली गेली आणि किंचाळायला लागली. लोक वळून बघू लागले. कोणी म्हणालं, दृष्ट लागली असेल, अंगारा लावा. मी तिला घेऊन बाहेर आले आणि चपलांच्या मांडणीजवळच्या पायरीवर बसले. तिथे एक वयस्क बाई उभ्या होत्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा होता. मुलगा कसला, तिशीतला बाप्या होता. हात मनगटात वळलेले, मान एका बाजूला. पायऱ्यांवरून खुर्ची वर जात नव्हती, म्हणून दोघं बाहेरूनच आरती ऐकत असावीत.

बाई रेवाकडे बघत होत्या. कौतुकाने नव्हे, भाजी निवडताना बघावं तशा. मग म्हणाल्या, "केवढी आहे?"

"वर्षाची होईल आता."

"ही मूठ अशीच असते? आणि पाय?"

मी हो म्हणाले, आणि घाईघाईने सांगितलं, की डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलंय.

"अस्सं. मलाही तेच सांगितलं होतं. मी चांगली शिकलेली, या पुण्यात राहणारी, वाट बघत बसले. हा बघा." त्यांनी खुर्चीकडे हात केला.

तेवढ्यात तो मुलगा बोलला. एकेक अक्षर खेचून आणत होता, पण शब्द स्पष्ट कळत होते. "आई, मी काय पाटी आहे का, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला?"

बाई हसल्या नाहीत. "आहेस," त्या म्हणाल्या. "आणि लोक वाचत नाहीत, हाच त्रास आहे." मग माझ्याकडे वळून, "उद्या मोठ्या हॉस्पिटलात जा. लहान मुलांची वाढ तपासणारा वेगळा विभाग असतो, तिथे दाखवा. महाराज इथेच आहेत, ते कुठे जात नाहीत. हिचे दिवस मात्र जातायत."

मी उठले आणि प्रसादही न घेता निघाले. बसमध्ये बसून त्या बाईला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलत होते. स्वतःचं पोर असं, म्हणून दुसऱ्याच्या पोरात तेच दिसतं, असंसुद्धा म्हणाले. त्या मुलाकडे मात्र माझं मन पुन्हा पुन्हा जात होतं. मी त्याला पाहताक्षणी ठरवून टाकलं होतं, की याला काही समजत नसणार. आणि त्याने एका वाक्यात आईला आणि मला, दोघींना जागेवर आणलं होतं. वारजे येईपर्यंत माझा राग पुरला नाही. खाली राहिली ती नुसती भीती. बाई खोटं बोलल्या असत्या, तर मी त्यांना केव्हाच विसरले असते.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "देवळातल्या कोन्या बाईचं आयकून दवाखाने पालथे घालतं का आता?" हे कामावर गेले होते. मी एकटीच रेवाला घेऊन त्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी रेवाला गालाला हात लावून परत दिलं नाही. सतरंजीवर पालथं घातलं, हातांना धरून हळूच उठवून पाहिलं, खुळखुळा एका बाजूने वाजवला, मग दुसऱ्या बाजूने. ती कोणत्या हाताने झेपावते, हे बघत बराच वेळ तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या. माझ्या मुलीकडे इतका वेळ, इतकं नीट, कोणी बघितल्याचं मला आठवत नव्हतं. मग त्यांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली आहे, ती वाढणार नाही आणि पुसलीही जाणार नाही. पण इतक्या लहान वयात मेंदू नव्या वाटा काढतो, म्हणून पुढच्या तपासण्या होईपर्यंतही थांबायचं नाही, व्यायाम आजपासून.

"बरी होईल ना?" मी विचारलं.

"बरी हा शब्द नको वापरू या," त्या म्हणाल्या. "शिकेल. किती, ते मी आज सांगू शकत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, पण आलात हेही पुष्कळ आहे."

पुढच्या लसीला मी जुन्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्यासमोर कागद ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला शंका होतीच. पण तुम्ही घाबरून गेला असता, म्हणून बोललो नाही." मी कागद गोळा केले. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती, आणि तीच मला आजही सहन होत नाही. आम्हाला भीतीपासून वाचवण्यासाठी त्यांनी रेवाचे महिने खर्च केले होते. ते महिने कोणी परत आणून देत नाही, महाराजसुद्धा नाहीत.

त्यानंतरचा काळ आठवला की अजून हात दुखतात. हॉस्पिटलात शिकवलेलं सगळं घरी करायचं. आखडलेले स्नायू ताणायचे, कुशीवर वळायला लावायचं, कोपऱ्यात उशांचा आधार देऊन बसवायचं, हाताला पट्टी बांधून मूठ उघडी ठेवायची. रेवा ओरडायची. सासूबाई दार वाजवायच्या, "लेकराले मारून टाकतं का?" एक दिवस त्या पिशवी भरून गावी निघून गेल्या. तिथून फोनवर सगळ्यांना सांगतात, की नवसाने पोर बसायला लागलं. यांनी आधी कामात तोंड लपवलं. मग एका रविवारी स्वतःहून सतरंजीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मला दाखव, पाय कसा धरायचा." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या बाईंना शोधायला मी पुढे कित्येक गुरुवार देवळात गेले. पायरीवर बसून राहायचे, प्रत्येक खुर्चीकडे, प्रत्येक सुती साडीकडे बघायचे. पुजारी म्हणाले, "गुरुवारी इथं अर्धं पुणं लोटतं ताई, कुणाकुणाला लक्षात ठेवू?" त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मंडळातल्या ताई म्हणतात, महाराजच त्या रूपाने आले होते. मी वाद घालत नाही. मलाही तसं मानायचा मोह होतो. पण मग तो मुलगा आठवतो. आपल्याला कुणाच्या तरी अनुभवातली लीला करून टाकलंय हे कळलं, तर तो काय म्हणेल, याचा मला चांगला अंदाज आहे. त्याची आई स्वतःची जखम उघडी करून एका अनोळखी बाईशी कठोर बोलली. महाराजांना मला काही सांगायचं असेल, तर त्यांनी तिचंच तोंड का निवडलं, आणि तिचा मुलगा लहान होता तेव्हा तिच्याकडे कुणालाच का पाठवलं नाही, हे मी त्यांना दर गुरुवारी विचारते.

रेवा आता बालवाडीत जाते. बोलते, थोडं अडखळत. आधाराशिवाय बसते, आणि वॉकर धरून घरातल्या घरात चालते. रस्त्यावरून चालेल का, माहीत नाही. परवा संध्याकाळी ती वॉकर घेऊन गॅलरीकडे निघाली होती आणि मी नेहमीसारखी मागून तिचा फ्रॉक धरून होते. ती थांबली आणि म्हणाली, "आई, सोड." मी म्हटलं, पडशील. "सोड ना!"

मी फ्रॉक सोडला आणि खोलीच्या दाराशी थांबले. ती थोडी गेली आणि पडली. ओठ फुटला, रक्त आलं. मी धावले नाही, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती, वॉकरकडे बघत होती. शरण जाणं म्हणजे हात जोडून जागच्या जागी बसणं, असं मला आधी वाटायचं. आपल्या हातात आहे ते सगळं करायचं, आणि मग पोटच्या पोरीला पडताना बघत दाराशी उभं राहायचं, हे त्याहून फार अवघड आहे. महाराजांना मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या दाराशी उभी असताना मी त्यांचे आभार मानले, मनापासून मानले. रेवाने वॉकरचा दांडा धरला, आणि स्वतःला वर ओढायला लागली.