पलंगावरची रेल्वे

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ म्हणून नाही. माझ्या घरात मात्र आहे, आणि तो बायकोच्या पलंगावर आहे. ती गेल्यावर रिकामा पलंग बघवेना. गादी गुंडाळून माळ्यावर टाकली, वर प्लायवूड ठोकला आणि रूळ मांडले. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतात. म्हणोत बापडे.

गाडी मूळची शेठची. शेठ म्हणजे आळे गावचे कापडवाले, माझे जुने दोस्त. घराणं राजस्थानचं, पण शिव्या अस्सल इथल्या. त्यांच्या मुलाने हौसेनं मागवलेली ही खेळण्यातली रेल्वे बिघडून पडली होती. मी चौथी नापास, पण जन्मभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या. शेठ म्हणाले, "बघा राव, चालली तर तुमचीच."

चालली. लई अजब यंत्र. दोन्ही रुळांत करंट कायम असतो आणि इंजिनाच्या पोटात चिप असते. कंट्रोलरचं बटण फिरवलं की रुळातूनच इंजिनाला हुकूम जातो, हळू, जोरात, थांब. पहिला फेरा पुरा झाला तेव्हा मी एकटाच टाळ्या पिटत होतो.

मग डोक्यात किडा वळवळला. शेतातली मोटर घरबसल्या फोनवरून चालू करायचा डबा असतो ना, आमचा जुना एक पडून होता. तो कंट्रोलर आणि रूळ यांच्या मध्ये जोडला. फोन लावायचा, एक दाबला की रुळात करंट, दोन दाबला की बंद. अडचण एकच. डबा फक्त त्यात नोंदलेल्या मास्टर नंबरचं ऐकतो, आणि मास्टर नंबर बायकोचा. पाण्याची पाळी तीच सांभाळायची. म्हणून तिचा फोन माझ्या खिशात, तिचं कार्ड चालू.

हेच माझ्या मुलीला खुपत होतं. ती पुण्याला असते. एकदा माझ्याकडून चुकून त्या फोनवरून तिला फोन गेला. तिच्या फोनवर नाव आलं, आई. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आईचा नंबर मी बंद करून टाकणार आहे." मी विषय बदलून पावसाचं विचारलं. रेल्वेचं तर सांगितलंच नव्हतं. पलंगाचं काय केलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

बाजाराच्या दिवशी शेठला मोटरसायकलवर बसवून मी बेल्ह्याला गेलो. बैलांच्या गर्दीत चहा घेताना फुशारकी मारली, "इथनं घरची गाडी चालू करतो."

"थापा मारू नका."

मी बायकोचा फोन काढून एक दाबला. डब्यातली रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "मोटर चालू झाली आहे."

"मोटर?" शेठ फिस्सकन हसले. "रेल्वे कुठंय?"

"तिला मोटरच ठावं, भाऊ. शेतातली हाय ती."

"मग ती पळाली हे मला कोण सांगणार? बैल?"

तेवढ्यात माझा स्वतःचा फोन वाजला. मुलगी. कान फाटेल इतक्या जोरात, "दादा! आईच्या पलंगावर रेल्वे पळतीय! माझी ओढणी घेऊन पळतीय!"

न सांगता आली होती ती, नंबर बंद करायला. घरात कोणी नाही म्हणून दमून पलंगाच्या कडेला टेकली आणि ओढणी काढून न बघताच मागे टाकली, ती रुळावर. माझीही चूक होतीच. आदल्या दिवशी गाडी जोरात पळत असताना मी नुसता करंट तोडला, बटण तसंच ठेवलं. मोटरवाला माणूस मी. करंट तोडला की काम संपलं. पण कंट्रोलर जागाच होता, जोरात पळ, जोरात पळ म्हणत बसलेला. करंट येताच इंजिन उधळलं.

"दोन दाबतो, थांब!" मी म्हणालो. पण हसण्याच्या नादात बटण सापडेना. शेठ बाकड्यावर आडवे झालेले, चहा धोतरावर.

"काळं बटण फिरव, बाई!"

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या!"

तिने उजव्या बाजूला फिरवलं, म्हणजे आणखी जोरात. धडाधड आवाज झाला, मग ओढणी फाटल्याचा, मग काहीच नाही. आणि तिकडून हसू फुटलं. खळखळून, श्वास लागेपर्यंत. तिची आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

घरी आलो तर ती चाकांत गुंडाळलेले धागे चिमट्याने काढत होती. मी तिच्या आईचा फोन पुढ्यात ठेवला. "कर बंद. पण मग ही गाडी लांबून चालायची न्हाई."

"मास्टर बदलता येतो की."

"येतो. तिच्याच फोनवरून मेसेज पाठवावा लागतो. मी न्हाई पाठवणार."

"का?"

"मला न्हाई पाठवायचा, बस."

तिने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "दादा, तो नंबर वाजला की मला आधी आई दिसते. मग तुमचा आवाज येतो."

"पुन्हा त्याच्यावरनं तुला फोन आला तर हात तोडीन माझा."

तिने फोन उचलला. मला वाटलं, संपलं. ती डब्याला मेसेज लिहायला लागली. मास्टर तसाच ठेवला, खाली दुसरा नंबर घातला, स्वतःचा. मग आईचा फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाली, "हा आता खिशात घालून फिरायचा नाही. इथंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खात होतो. आतल्या खोलीत गाडी सुरू झाली. तिने पुण्यातून, ऑफिसातून, स्वतःच्या फोनवरून एक दाबला होता. मी हातातला घास तसाच घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "पळ, पळ, पळ!"