स्टेपनी बोलत नव्हती

मी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. जे मोजता येत नाही, त्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

१९९६ साल. आम्ही नेरूळला राहायचो. सुनीताला, माझ्या बायकोला, आठवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला वाईला माहेरी सोडायचं होतं. आमच्या सेकंडहँड गाडीचे पुढचे दोन्ही टायर झिजून पार गोटा झाले होते.

उरण फाट्याजवळचा टायरवाला म्हणजे जवळच्या सारसोळे गावचा म्हातारा, सगळे त्याला नाखवा म्हणत. मी ऐटीत म्हणालो, "नवा एकच द्या. डावीकडे डिकीतली स्टेपनी लावा. कधी वापरलीच नाही, नक्षी बघा कशी कोरी आहे!" नक्षीची खोली मी पट्टीने मोजूनही आणली होती!

नाखवाने सळीने स्टेपनीवर ठोकलं. दोनदा लगोलग, मग थांबून एकदा.

"ही नको, सायेब. बोलत नाय."

"म्हणजे?"

"नक्षी काय बघता? रबर म्हातारा झालाय, पडून पडून."

मी हसलो आणि तीच लावून घेतली. काढलेला एक गोटा टायर स्टेपनी म्हणून डिकीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोपोलीच्या अलीकडे सुनीता म्हणाली, "अहो, खालून कोण ठोकतंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. "खडा अडकला असेल."

"खडा नाही हो. ऐका ना... असं —" तिने डॅशबोर्डवर बोटाने वाजवून दाखवलं. दोनदा लगोलग, मग थांबून एकदा.

ती त्या दुकानात आलीच नव्हती. घरी मी एका शब्दाने काही बोललो नव्हतो.

गाडी बाजूला घेतली. डावा टायर बाहेरून ठणठणीत. आतल्या बाजूने हात फिरवला तर लिंबाएवढा फुगा! पुढे घाट होता... मी तिथेच मातीत बसलो. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

गोटा टायर चढवून रखडत खोपोली गाठली, नवा घेतला. सुनीता सुखरूप पोचली. मुलगी झाली.

पेढे घेऊन नाखवाकडे गेलो, सगळं सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही.

"पण मला का नाही ऐकू आलं?" मी विचारलं.

"तुमाला त मी आदीच सांगला व्हता," तो पेढा मोडत म्हणाला. "तुमी आयकला नाय."

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. सुनीता "ऐका ना" म्हणाली, की मी आधी गाडी थांबवतो.