नवीन रुग्ण

आमच्या शेवटच्या वर्षाला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा नवीनच आली होती. जळगावच्या आमच्या कॉलेजात ती धड कुणालाच येत नव्हती. तरी मी आणि माझी शिरपूरची मैत्रीण हट्टाने प्रोजेक्ट जावातच करायला बसलो. धुळ्यात माझ्या मामांचा दवाखाना होता, त्यांच्यासाठी प्रोग्राम. जुना रुग्ण परत आला की कॉम्प्युटरने तो ओळखायचा, मुख्य काम एवढंच.

दोन रुग्ण म्हणजे एकच माणूस का, हे ठरवायला मी ‘इक्वल्स’ ही मेथड, म्हणजे प्रोग्राममधला एक छोटा तुकडा, लिहिली. नाव, गाव, जन्मवर्ष जुळलं की तोच. लॅबमध्ये दोन रुग्ण समोरासमोर ठेवून पाहिलं, बरोबर उत्तर आलं. सर म्हणाले, “छान.”

मामांच्या दवाखान्यात मात्र एका आजींचं नाव टाकलं, तर पडद्यावर ‘नवीन रुग्ण’. सकाळी मीच त्यांची माहिती भरली होती. पुन्हा टाकलं. नवीन रुग्ण. कंपाउंडरने ते मोठ्याने वाचलं आणि आजी भडकल्या.

“नवी कसानी? मी ते सालभरपाईन येस आठे!”

वर्षभर येणाऱ्या आजींना आत घेत मामा दारातून म्हणाले, “तुझं नंतर बघ गं. बाहेर लोक ताटकळलेत.”

जळगावला परत आल्यावर आम्ही एकेक अक्षर तपासलं. त्यात मधेच वीज जायची, केलेलं पुसलं जायचं. “तूच नावापुढे जागा सोडतेस, म्हणून नाव जुळत नाही,” असं म्हणून मी मैत्रिणीशी भांडले. शेवटी तिनेच इक्वल्समध्ये एक ओळ घातली: मेथड चालली की पडद्यावर ‘आले’ असं छापायचं. प्रोग्राम चालवला. काहीच छापलं नाही.

“अगं, तुझी मेथड कुणी बोलावतच नाहीये,” ती म्हणाली.

सगळे रुग्ण आम्ही एका यादीत ठेवले होते. त्या जावाच्या यादीला रुग्ण-बिग्ण कळत नाही. तिच्या लेखी प्रत्येक वस्तू नुसता ‘ऑब्जेक्ट’. ती ऑब्जेक्ट घेणारी इक्वल्स शोधायची आणि माझी फक्त रुग्ण घ्यायची. नाव तेच, पण मेथड वेगळी. मग जावा स्वतःची मूळची इक्वल्स वापरायची, जिला नाव-गाव माहीतच नाही. लॅबमध्ये मी यादीशिवाय थेट तपासलं होतं, म्हणून तिथे जमलं. उपाय साधा निघाला. ऑब्जेक्टच घ्यायचा, तो रुग्ण आहे ना ते बघायचं, मग ‘कास्ट’ करायचं, म्हणजे तो रुग्णच समज असं जावाला सांगायचं, आणि नंतर तुलना. इतक्याशा कामासाठी एवढे दिवस गेले म्हणून मला रागाने रडू आलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक नेमके त्याच ओळीवर थांबले.

“हे कास्टिंग कशाला? सरळ रुग्णच घ्या ना. उगाच वाढवलंय.”

“सर, आधी तसंच होतं, पण यादीला—”

“मग बदललं कशाला? पुढे चला.”

मी पुन्हा तोंड उघडलं, तर आमच्या सरांनी डोळ्यांनीच गप्प केलं. त्या प्रोजेक्टला गुण बेताचेच पडले.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, “परत आत जाऊ. चालवूनच दाखवू त्यांना.”

“जाऊ,” मी म्हटलं.

दाराशी बराच वेळ उभ्या राहिलो. गेलो मात्र नाही.