टाकीच्या झाकणाखालचा रबर

बावीस वर्षं मी फौजेत बंद पडलेल्या गाड्या चालू करत होतो. हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. माझी सर्वांत कठीण पोस्टिंग डोंगरातली. रोज सकाळी सहाला कन्व्हॉय निघायचा आणि त्याआधी प्रत्येक गाडीला माझा हात लागायचा. लोक गोळीबाराचे किस्से विचारतात. माझ्याकडे कार्बोरेटरचे आहेत. पण निवृत्तीनंतर, गेल्या मे महिन्यात अमरावती-अकोला रस्त्यावर जे झालं, ते सांगताना आजही मला खुर्चीत बसवत नाही.

नायक दिगंबर आमच्या कन्व्हॉयचा ड्रायव्हर. सोळा वर्षांपूर्वी डोंगरातला रस्ता खचला आणि तो गाडीसकट दरीत गेला. अकोल्याच्या अलीकडे, त्याच्या गावी यंदा स्मारक उभं राहिलं. अनावरण अकरा वाजता. पडदा त्याच्या आईनेच, गंगूमावशीनेच ओढायचा, हे मी गावकऱ्यांकडून भांडून कबूल करून घेतलं होतं. मावशी अमरावतीत लेकीकडे राहते, फुलं विकते. प्रमुख पाहुणे अकरा वीसला निघणार होते. मावशी पोचली नाही तर पडदा तेच ओढणार. ते मला मुळीच चालणार नव्हतं.

शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, "माह्यी गाडी हाये नं!" पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी. घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, एवढाच तिचा प्रवास. त्या गाडीवर त्यांचा जीव.

साडेआठला टाकी फुल करून निघालो. वकीलसाहेब स्टिअरिंगवर, मी शेजारी, मावशी मागे. आठ पंचावन्नला, बडनेऱ्याच्या पुढे, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. नऊ पस्तीसला पुन्हा तेच.

आता मात्र मी बोनेट उघडलं. आमची ड्रिल सोपी आहे: स्पार्क, पेट्रोल, हवा. प्लग काढला. स्पार्क निळा, कडक. कार्बोरेटरचा पाइप काढला. पेट्रोलचा थेंब नाही. फॉल्ट पेट्रोलचा. मेचं ऊन, तापलेला पंप, म्हणजे पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली असणार. मी मावशीच्या बाटलीतलं निम्मं पाणी फडक्यावर ओतून पंपाला गुंडाळलं. नऊ पंचावन्नला गाडी सुरू झाली. मी मिशीवर ताव मारला.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि दहा पंधराला गाडी तिसऱ्यांदा बंद. मिशी खाली आली.

फोन वाजला. गावातून आमच्या युनिटचे जुने सुभेदारसाहेब, कार्यक्रम तेच सांभाळत होते.

"पोझिशन?"

"मूर्तिजापूरच्या पुढे, सर. गाडी बंद."

"किती वेळ?"

"सांगतो, सर."

"पाहुणे अकरा वीसला हलतील. जास्त थांबवता येणार नाही."

"राइट, सर."

एक ट्रक थांबला, पण गुडघ्यामुळे मावशीला वर चढता येईना. दुसरी गाडी मागवायची तर तासभर.

"रामदास, राहू दे बाप्पा," मावशी म्हणाली. "ओढतीन पाहुणे पडदा."

"मावशी, तुमी सावलीत बसा. पडदा तुमीच ओढसान!"

मी डोकं चालवलं. गार करूनही बंद पडते. थोडं थांबलं की चालू होते. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं चालते. मग उन्हाचा काय संबंध? टाकीतून पेट्रोल निघतं, पण त्याच्या जागी हवा शिरत नसेल तर? ड्रिलमधली तिसरी गोष्ट मी तपासलीच नव्हती! मागे धावलो आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ! टाकीने एवढी हवा ओढली की मी भर रस्त्यात ओरडलो, "सापडला!"

झाकणाखाली काळ्या रबराची गोल चकती होती. झाकणाचं हवेचं बारीक भोक तिने बुजवलेलं.

"वकीलसाहेब, हे काय?"

"उन्हाळ्यात पेट्रोल उडून जाते नं हवालदारसाहेब. म्हणून सायकलची ट्यूब कापून मीच बसवली. एकदम एअरटाइट!"

"अहो, टाकीलेबी दम घ्या लागते!"

सावलीतून मावशी म्हणाली, "नरडं दाबून राहिले तिचं, अन् म्हणता काहून बंद पडते!"

वकीलसाहेबांनी कोर्टात कधी मानली नसेल एवढी हार मानली आणि चावी माझ्या हातात दिली. चकती फेकून दिली. दहा पस्तीसला निघालो. दहा पंचावन्न. अकरा. माझे कान इंजिनावर. एक आचका नाही! मी चक्क गात होतो. अकरा अकराला चौकात ब्रेक मारला. पाहुण्यांचा हात दोरीवर होता. सुभेदारसाहेबांनी नुसतं "सर, आई" म्हटलं आणि पाहुणे बाजूला झाले. मावशीने दोन्ही हातांनी पडदा ओढला.

गर्दी पांगल्यावर मी तिच्याजवळ बसलो. सोळा वर्षं जे बोललो नव्हतो, ते बोललो.

"मावशी, त्या सकाळी दिगंबरची गाडी अशीच बंद पडून राहिली होती. कन्व्हॉय तिले सोडून जाणार होता. मीच वीस मिनटात फॉल्ट काढला. मीच त्याले म्हटलं, जा."

मावशी स्मारकावरच्या नावाच्या पाटीकडे बघत होती.

"मले मालूम हाय. निघाच्या आधी त्यानं फोन केल्ता. म्हणे, माय, रामदास उस्तादनं गाडी चालू करून देल्ली. लय खुश होता रे."

मला रडू आवरलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग म्हणाली, "जाय, भेट त्याले."

मी उठलो, चेहरा पुसला, टोपी सरळ केली. नायक दिगंबरच्या नावासमोर सावधान उभा राहून सॅल्यूट केला. हात खाली आणायला जरा वेळ लागला.